हीटमॅपवर रेघ जाड दिसली म्हणजे घाटरस्ता सायकलसाठी सुरक्षित, हे मला पटत नाही

पायडलवाली (धागा सुरू):

परक्या डोंगराळ भागात चार-सहा दिवसांसाठी जायचं, रोडबाईक (डांबरी रस्त्यावर चालवायची सायकल) सोबत न्यायची किंवा तिथेच भाड्याने घ्यायची, आणि रोज रात्री डोकं खाजवत बसायचं की उद्या नक्की कुठल्या रस्त्याने निघायचं. कुणालाही विचारा, हल्ली उत्तर एकच मिळतं की हीटमॅप (सायकलवाल्यांचे नोंदवलेले जीपीएस ट्रॅक एकत्र करून काढलेला नकाशा, जास्त लोक गेले तिथे रेघ जाड) उघड, जिथे रेघ जाड तिथे जा, एवढे लोक जातात म्हणजे रस्ता चांगलाच असणार. मी पण हेच करायचे. आता करत नाही, आणि नवीन लोकांना हा सल्ला देणं बंद करावं असं मला मनापासून वाटतं.

मागच्या सहलीत अशाच एका जाड रेघेवर गेले. मंगळवार, सकाळचे साडेनऊ. 11 किलोमीटरचा चढ, दोन गाड्या जेमतेम पास होतील एवढा रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा. तिसऱ्या किलोमीटरपासून खडीचे डंपर सुरू झाले, भरलेले खाली येतायत, रिकामे वर चाललेत आणि मधे मी. दोन वेळा सायकल उचलून गटारात उतरले, हात थरथरत होते. वर पोचल्यावर तिथलाच एक सायकलवाला भेटला, तो म्हणाला आम्ही इथे फक्त रविवारी पहाटे येतो, खाण बंद असते तेव्हा. म्हणजे ती रेघ जाड होती ती रविवारची होती, आणि नकाशावर वार दिसत नाही ना!

म्हणून माझं मत असं की लोक कुठे जातात हे बघण्याआधी त्या रस्त्यावर दुसरं काय चालतं ते शोधा. सॅटेलाईट फोटोत खाण लगेच ओळखू येते, हिरव्या डोंगरात पांढरा-करडा ओरखडा दिसतो. तो दिसला असेल तर खाणीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा सगळा तुकडा कामाच्या दिवशी वगळायचा. धरणाचं किंवा बोगद्याचं काम चालू असेल तरी तेच.

नकाशाकार:

अनुभव वाईट होता, मान्य. पण त्यावरून हीटमॅप निरुपयोगी असं म्हणणं मला पटत नाही. त्याला पर्याय काय? परक्या ठिकाणी माझ्याकडे माहिती शून्य असते, त्या शून्यापेक्षा हजार लोकांचे ट्रॅक कितीतरी बरे. डेटा एकटा वाचू नका एवढंच म्हणा.

मी असं करतो. आधी हीटमॅपवर दोन-तीन रस्ते निवडायचे. मग ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या मोफत नकाशावर, त्यांचा दर्जा बघायचा, तिथे मोठ्या रस्त्यांपासून गावजोड रस्त्यांपर्यंत पायऱ्या असतात आणि कुणी भरलं असेल तर डांबर आहे की खडी तेही लिहिलेलं असतं. डोंगरात हे बऱ्याचदा रिकामं असतं, आणि रिकामं म्हणजे डांबर असं अ‍ॅप गृहीत धरू शकतं, तिथे सावध. मग गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधे रस्त्यावरचे फोटो, पण फोटो कुठल्या महिन्यातला आणि सालातला आहे ते कोपऱ्यात बघूनच, सहा वर्षांपूर्वीचं गुळगुळीत डांबर आज तसंच असेल असं नाही. आणि चढाचा आलेख बघताना सरासरीवर जाऊ नका, सरासरी 6 टक्के (100 मीटरला 6 मीटर चढ) असलेल्या घाटात मधे एखादा किलोमीटर 13-14 टक्के निघतो. कड्याला चिकटून जाणाऱ्या रस्त्यावर उंचीचा डेटा हमखास चुकतो कारण जगभर वापरला जाणारा मोफत उपग्रह डेटा साधारण 30 मीटरच्या चौकटीचा असतो, त्यात रस्ता आणि वरचा कडा एकाच चौकटीत येतात. बोगदा तर आलेखात डोंगर चढून उतरल्यासारखा दिसू शकतो! असा विचित्र सुळका दिसला की मी आधी बोगदा आहे का तेच तपासतो, कारण कित्येक बोगद्यांमधे सायकलला बंदी असते आणि हे तिथे पोचल्यावर कळलं तर 20 किलोमीटर मागे फिरावं लागतं.

पायडलवाली:

निरुपयोगी म्हटलंच नाहीये, अर्धवट म्हणतेय. आणि तुम्ही जे चार टप्पे सांगितले ते कुणी करत नाही ना. लोक जाड रेघ बघतात, रूट डाऊनलोड करतात, निघतात. बोगद्याचं मात्र एकदम बरोबर.

उतारप्रेमी:

मला तुमच्या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट खटकतेय. दोघेही "रस्ता" म्हणताय, चढ आणि उतार एकच धरून. डोंगरात एकाच रस्त्याचे दोन रस्ते असतात.

साधा हिशोब करा. 10 किलोमीटरचा घाट, तुमच्याच दिशेने तासाला 100 गाड्या, सगळ्या ताशी 60 ने. तुम्ही ताशी 10 ने चढताय, म्हणजे तुम्हाला एक तास लागणार आणि गाडीला 10 मिनिटं. तुमच्या मागून पुढच्या 50 मिनिटांत घाटात शिरलेली प्रत्येक गाडी तुम्हाला ओव्हरटेक करणार, म्हणजे साधारण 83 गाड्या. तोच घाट ताशी 40 ने उतरलात तर तुम्हाला 15 मिनिटं लागतात, गाडीपेक्षा फक्त 5 मिनिटं जास्त, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्या 8 गाड्या. दहापट फरक, तोच रस्ता आणि तीच वाहतूक असताना!

म्हणून लोक "मोठा रस्ता टाळा, बारीक रस्ता धरा" म्हणतात ते चढताना शंभर टक्के खरं. उतरताना मात्र मी मोठाच रस्ता धरतो. रुंद, लांबपर्यंत दिसतं, साईडपट्टी असते, डांबर बरं असतं. एकपदरी रस्त्यावर आंधळ्या वळणाला समोरून गाडी आली तर जागाच नाही. ताशी 45 म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरलं तर 19 मीटर तिथेच गेले, मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी अजून 15-16. म्हणजे तुम्हालाच 35 मीटर हवेत, आणि समोरच्यालाही थांबायला जागा हवी कारण रस्ता एकच आहे. वळणावर 70 मीटर पुढचं कुठे दिसतं?

नकाशाकार:

हे मी असं मांडलेलं कधी वाचलं नव्हतं, धन्यवाद. माझे सगळे रूट "जसा गेलो तसाच परत" असतात, आता बघावं लागेल.

पायडलवाली:

हिशोब पटला पण निष्कर्ष नाही पटला. उतारावर वेग कमी ठेवणं तुमच्या हातात आहे की. ताशी 25 ने उतरलं तर सेकंदाला 7 मीटर, थांबायला 15-16 मीटर पुरतात. मोठ्या रस्त्यावर गाड्यांचा वेग तुमच्या हातात नाही. ताशी 80 ने जाणारा ट्रक एक मीटरवरून गेला की त्याच्या हवेनेच सायकल हलते, आधी ढकलते मग आत ओढते, आणि हे कठड्याशेजारी होतं तेव्हा काय वाटतं ते मी अनुभवलंय.

उतारप्रेमी:

25 ने 10 किलोमीटर उतरायचं म्हणजे 24 मिनिटं सतत ब्रेक. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला घासणारे) असतील तर रिम तापते, भाड्याच्या सायकलचे ब्रेक पॅड किती उरलेत ते तुम्हाला माहीत नाही, बोटं आखडतात. सतत घासत राहण्यापेक्षा वळणाआधी जोरात ब्रेक आणि मग सोडून द्यायचं, हेच बरोबर. मधे थांबून बोटं मोकळी करा, रिमला जरा थंड होऊ द्या. तरी तुमचा मुद्दा एका बाबतीत मानतो, साईडपट्टी नसेल तर मोठा रस्ता मी पण उतरणार नाही.

एकटी_सायकलवर:

सगळी चर्चा फक्त गाड्यांची चाललीये म्हणून लिहितेय. मी एकटी फिरते. माझ्यासाठी "शांत रस्ता" हा आपोआप चांगला रस्ता नाही. मागे एकदा अशाच सुंदर निर्मनुष्य रस्त्यावर वळणात वाळूवरून चाक घसरलं, गुडघा फुटला, फोनला रेंज नाही, आणि पाऊण तास एकही माणूस आला नाही. त्या पाऊण तासात मला ट्रकवाला रस्ता चालला असता. कुणीतरी थांबलं तरी असतं.

तेव्हापासून मी रूट ठरवताना दर 8-10 किलोमीटरवर वस्ती आहे का बघते, निघताना घरच्यांना रूट आणि परतायची वेळ पाठवते, नकाशा ऑफलाईन उतरवून घेते. कुत्र्यांचंही कुणी बोलत नाही. मेंढरं राखणारी कुत्री गावातल्या कुत्र्यांसारखी नसतात, त्यांचं कामच अनोळखी माणसाला हाकलायचं आहे. चढावर पळ काढता येत नाही, मी उतरते, सायकल कुत्र्याच्या आणि माझ्या मधे धरते आणि सावकाश चालत लांब होते.

पायडलवाली:

हे मी पूर्ण विसरले होते, खरंच. माझ्या डोक्यात त्या दिवसापासून फक्त डंपरच आहेत. तुमचा गुडघा बरा आहे ना आता?

एकटी_सायकलवर:

हो, आता एकदम बरा, विचारल्याबद्दल थँक्स!

घाटातला_ड्रायव्हर:

मी सायकल चालवत नाही, डोंगरातल्या रस्त्यांवर बरीच वर्षं पिकअप चालवतोय. तुम्ही लोकांना विचारत का नाही? तिथे राहणाऱ्याला सगळं माहीत असतं, कुठे दरड पडते, कुठे सकाळी दव असतं.

नकाशाकार:

विचारतो की दादा, पण उत्तर काय मिळतं, "रस्ता एकदम मस्त आहे." गाडीवाल्यासाठी मस्त म्हणजे जोरात पळवता येतो असा, तोच आमच्यासाठी सगळ्यात वाईट. म्हणून माझा विश्वास डेटावरच जास्त.

घाटातला_ड्रायव्हर:

मग तुमचा प्रश्न चुकतोय. रस्ता कसा आहे विचारलं की रस्ताच सांगणार ना माणूस. असं विचारा, तुमच्या घरच्या 14 वर्षांच्या पोराला या रस्त्याने सायकलवर पाठवाल का, आणि किती वाजता पाठवाल. मग बघा तो थांबून विचार करतो आणि सांगतो, सात ते नऊ नको तेव्हा शाळेच्या बसेस असतात, त्या मोरीपाशी जपून.

आणि आमच्या बाजूने एक सांगतो. संध्याकाळी सूर्य खाली आला की वळण घेतल्यावर तो थेट काचेवर येतो, दोन-तीन सेकंद समोर काहीच दिसत नाही. तेव्हा सायकलवाला सावलीत असेल तर आम्हाला तो नाहीच. दिवसासुद्धा मागे लाल लाईट चालू ठेवा, लुकलुकणारा. बोगद्यात तर पाहिजेच. आणि कडेला अगदी चिकटून चालवू नका, आम्हाला वाटतं जागा आहे, निघतो पुढे. जरा आत चालवलंत तर आम्ही मागे थांबतो, चिडतो पण थांबतो.

उतारप्रेमी:

शेवटचं वाक्य प्रत्येक सायकलवाल्याने पाठ करावं. जर्मनीत 2020 पासून कायदाच आहे, सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर. बारीक घाटरस्त्यावर एवढी जागाच नसते, म्हणजे मागे थांबणं आलंच.

पायडलवाली:

दादा, तो पोराचा प्रश्न मी उचलला. आणि मत थोडं बदलतेय, हीटमॅप वापरेन पण सगळ्यात शेवटी. आधी सॅटेलाईट, मग मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी हा प्रश्न, मग रेघ. मोठ्या रस्त्याने उतरायचं मात्र अजून मनाला पटत नाहीये.

उतारप्रेमी:

एकदा साईडपट्टीवाला रस्ता बघून, वारा नसताना, सकाळी लवकर करून बघा. मग इथेच येऊन भांडा.

एकटी_सायकलवर:

आणि पहिल्या दिवशी कुठेही असलात तरी 20 किलोमीटरच करा, जाऊन परत. त्या भागातले ड्रायव्हर किती अंतर सोडतात, डांबर कसं आहे, रेंज कुठे जाते हे पहिल्या तासात कळतं. मोठा घाट तिसऱ्या दिवशी.