साठेखत झाल्यानंतर विक्रेता खरेदीखत टाळत असल्यास कोणता मार्ग धरावा?

विचारणा
पुरंदर तालुक्यातील एका बिगरशेती प्लॉटचे मार्च 2024 मध्ये 40 लाखांना नोंदणीकृत साठेखत (पुढे विक्री करून देण्याचा करार) करून मी 10 लाखांचा विसार धनादेशाने दिला. खरेदीखत सप्टेंबर 2024 अखेर करून देण्याचे ठरले होते. आता भाव वाढल्यामुळे विक्रेते ‘पैसे परत घ्या’ म्हणतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला जागा दाखवतात. मला जागाच हवी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1
विसार परत घेऊ नका आणि पोचपावतीवर सहीही करू नका. साठेखताने मालकी येत नाही, परंतु विनिर्दिष्ट अनुपालनाचा, म्हणजे खरेदीखत करून मिळण्याचा, दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो. विनिर्दिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर हा दिलासा पूर्वीसारखा न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेला नाही. करारात तारीख ठरलेली असल्याने तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासूनच मोजली जाते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनांवर विसंबून ती घालवू नये.

असे दावे बहुधा एकाच मुद्द्यावर फसतात: उरलेले 30 लाख देण्यास आपण तेव्हापासून आजवर तयार व राजी होतो, हे खरेदीदाराला सिद्ध करता येत नाही. म्हणून बँकेचे उतारे, कर्जमंजुरीचे पत्र आणि खरेदीखतासाठी तारीख कळवणारी वकिलामार्फतची नोटीस, हे सर्व आधी जमवा.

विचारणा करणारे
कर्ज ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झाले होते, पण ती मंजुरी आता संपली आहे. रक्कम खात्यात नाही.

प्रतिसाद 2
रक्कम खात्यात पडून असलीच पाहिजे असे नाही. ती उभी करण्याची ऐपत दाखवावी लागते. जुने पत्र जपून ठेवा आणि मंजुरी नव्याने घ्या.

दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत जागा दुसऱ्याला विकू नये यासाठीचा) अर्ज द्या आणि दावा प्रलंबित असल्याची लिस पेंडन्स नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात या नोंदणीला विशेष महत्त्व आहे, कारण ती नसल्यास मधल्या काळात जागा घेणारा दाव्याच्या निकालाने बांधला जात नाही, असा बचाव उभा राहतो. कोर्ट फी विसारावर नव्हे, तर 40 लाखांच्या पूर्ण मोबदल्यावर बसते, याची तरतूद ठेवा.

जागा मिळाली नाही तर विसार व्याजासह परत मिळावा, ही पर्यायी मागणी वादपत्रात स्पष्ट लिहा. न मागितलेला विसार न्यायालय देत नाही. तोवर त्या 10 लाखांसाठी प्लॉटवर तुमचा कायदेशीर बोजा (त्यातून वसुली करण्याचा हक्क) राहतो.