फ्रीझनंतर (गोठवणाऱ्या थंडीनंतर) लॉन मेलंय की झोपलंय?

डॅलसकर: आमचं सेंट ऑगस्टीन गवत मार्च संपत आला तरी पिवळंच, शेजाऱ्याचं बर्म्युडा मात्र मस्त फुटायला लागलंय. लॉनवाला म्हणतो सगळं काढा, नवीन टाका. काय करू?

बागवेडी: अहो थांबा, घाई नका करू! बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, तिची खोडं जमिनीखाली पण असतात म्हणून ती मारता मरत नाही, ऑगस्टीनची नुसती वर पसरतात. एखादं खोड ओढून बघा, अलगद निघालं आणि तपकिरी पिचपिचीत असेल तर गेलं, टणक आणि पांढरट-हिरवं असेल तर जीव आहे. नाहीतर मातीसकट तुकडा कापून कुंडीत लावा, उन्हाच्या खिडकीत ठेवा, दोन-तीन आठवड्यांत कळेलच.

प्लेनोचा_पक्या: +१. खत लगेच नको, हिरवं होऊन दोनदा कापून झालं की मग टाका. आणि ते तणनाशक मिसळलेलं खत तर मुळीच नको, मुळं धरत नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे डॅलसला उणे १९ सेल्सियस झालं होतं, तेव्हा आमच्या गल्लीत काहींनी मार्चमध्येच सगळं उपटलं, उगाच खर्च.

डॅलसकर: कुंडी खिडकीत ठेवलीय. बायको विचारतेय, कढीपत्ता गराजमध्ये आणि गवत हॉलमध्ये का 😅