मदत हवी आहे : सह्या असलेली जर्सी फ्रेम करायची आहे, पुण्यात कुठे?

नमस्कार मंडळी. 2014 साली, आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) पहिल्याच मोसमात, बालेवाडीला एफसी पुणे सिटीची मॅच संपल्यावर मी आणि बाबा बसजवळ थांबलो होतो. समोरून चक्क फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे आला! 2000 च्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल) मारणारा माणूस हातभर अंतरावर. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, केस घामाने चिकटलेले, तरीही थांबला. जर्सीचं कापड एका हाताने ताणून धरलं आणि शांतपणे सही केली. मागून ग्रीसचा कात्सुरानिसही आला, त्याने बाबांशी हात मिळवला. बाबा बरेच दिवस तो हात दाखवत फिरायचे.

पाच वर्षांनी, 2019 मध्ये, क्लबच बंद झाला. बाबाही आता नाहीत. म्हणून ही जर्सी मला जिवापाड जपायची आहे.

अडचण अशी की कपाटात घडी घालून ठेवल्याने घडीवरची शाई फिकट पडलीये. एका फ्रेमवाल्याने सरळ गोंदाने चिकटवून देतो म्हटलं, माझा जीवच धजेना. टाके घालून, ऊन रोखणाऱ्या काचेत बसवून देणारं कुणी कोथरूड-डेक्कन भागात माहीत आहे का? अंदाजे खर्च किती येतो? कॉलरला पिवळा डाग आहे, पण सह्यांना धक्का न लावता तो निघेल का? धुवायची हिंमत होत नाहीये. स्वतः करून घेतलेल्यांनी कृपया सांगा.