‘वंश’ नेमका कशाला म्हणायचं?

प्रश्न : बातमीत ‘भारतीय वंशाचे डॉक्टर’, जुन्या पुस्तकात ‘मंगोल वंश’, आजीच्या तोंडी ‘वंशाचा दिवा’. तिन्हीकडे अर्थ एकच का? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. इंग्रजी ‘रेस’ला काय लिहू?

उत्तर : ताई, संस्कृतात वंश म्हणजे बांबू. पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी, म्हणून घराण्यालाही वंश. तोच शब्द झिजून आपल्या घराचा ‘वासा’ झाला. पाठीचा कणाही पेरापेरांचा, म्हणून शाळेत ‘पृष्ठवंशीय प्राणी’ शिकलो. या वंशात रंगरूप कुठेच नाही, आहे ती सलगता. आजीचा दिवा आणि बातमीतले डॉक्टर दोघेही त्यात नीट बसतात.

‘रेस’चं उलटं, जुन्या पुस्तकातला ‘मंगोल वंश’ही त्यातलाच. तिथे आधी रूप पाहिलं आणि त्यावरून मूळ ठरवलं. जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाखने 1795 मध्ये माणसांचे पाच प्रकार मांडताना ‘कॉकेशियन’ हे नाव रूढ केलं. त्याला सगळ्यांत सुंदर वाटलेली कवटी जॉर्जियातल्या एका बाईची होती! आपल्याकडे 1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकं मोजवली. रुंदीला उंचीने भागायचं, 100ने गुणायचं. 70च्या आत अरुंद नाक, 85च्या वर बसकं. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं त्यांनी लिहिलं. हे वाचताना दर वेळी संताप येतो.

इरावतीबाई कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गुरूला हवा असलेला वांशिक फरक मापांत दिसेना, तर त्यांनी ‘दिसत नाही’ असंच प्रबंधात लिहिलं. 1972 मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ लेवाँटिनने रक्तगट आणि प्रथिनांवरून हिशेब मांडला : माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात.

म्हणून आजच्या शास्त्राबद्दल लिहिताना ‘लोकसमूह’ लिहा. रिस्लेंच्या काळाबद्दल लिहिताना मात्र ‘वंश’च ठेवा, तिथे सौम्य शब्द घातला तर त्यांचं म्हणणंच झाकलं जाईल. ‘वर्ण’ नको, चातुर्वर्ण्याशी गल्लत होते.

प्रश्नकर्ती : माझं वाक्य होतं, ‘सिकलसेल हा आफ्रिकी वंशाचा आजार आहे.’ पण गडचिरोली-नंदुरबारला तो आहेच की!

उत्तर : अगदी बरोबर. तो मलेरियाच्या मागोमाग गेलाय, कातडीच्या रंगामागे नव्हे. ‘पूर्वापार मलेरिया असलेल्या भागांतल्या लोकसमूहांत जास्त आढळणारा’ असं करा. लांबतं, पण खरं आहे.