रूपक : अलंकार, नाटक की आणखी काही?

प्रश्न : साहित्यशास्त्रात 'रूपकाचे दहा प्रकार' म्हणून नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन वगैरे नाट्यप्रकारांची यादी येते. अलंकारांतही रूपक आहेच. वर समीक्षेत 'कादंबरीभर पसरलेले रूपक' असेही वाचायला मिळते. एकाच शब्दाला इतकी कामे कशी?

प्रतिसाद १ : पहिल्या दोन्हींच्या मुळाशी 'आरोप', म्हणजे एकाचे रूप दुसऱ्यावर चढवणे, आहे. नट स्वतःवर रामाचे रूप चढवतो म्हणून नाट्य हे रूपक. दहाव्या शतकातला धनंजय 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात हेच कारण देतो : 'रूपकं तत्समारोपात्'. अलंकारात उपमेयावर (ज्याची तुलना करायची त्यावर) उपमानाचे (ज्याच्याशी तुलना करायची त्याचे) रूप चढते, एवढाच फरक. रूपक तालाच्या सात मात्रांचा मात्र इथे काही संबंध नाही!

प्रतिसाद २ : घोळ होतो तो इंग्रजीतल्या मेटाफरला सरसकट रूपक म्हटल्यामुळे. एकच कल्पना फिरवून पाहा. 'त्याचा राग वणव्यासारखा आहे' ही उपमा. 'त्याचा राग जणू वणवाच' ही उत्प्रेक्षा. 'हा राग नव्हे, वणवा आहे' ही अपन्हुती. 'त्याच्या रागाच्या वणव्यात सगळे होरपळले', हे रूपक. आता तो संतापून येताना दिसला आणि कोणी नुसतेच म्हणाले, 'वणवा आला, बाजूला व्हा', तर? मेटाफर म्हणून हे बिनतक्रार चालेल. पण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'नुसार ही अतिशयोक्ती, कारण इथे उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. रूपकात दोघांचाही उल्लेख लागतो.

प्रश्नकर्ता : पण अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे ना? शाळेत तरी तसेच शिकवले.

प्रतिसाद २ : शाळेतली व्याख्या अपुरी आहे. मम्मट अतिशयोक्तीचे चार प्रकार सांगतो. उपमेय गिळले जाणे हा पहिला. कारणाच्या आधीच कार्य घडल्याचे सांगणे हाही त्यांतलाच. पहिल्याला नंतरचे काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षित यांच्या 'कुवलयानंदा'त 'रूपकातिशयोक्ती' असे नाव आहे. मला ते फार सोयीचे वाटते, कारण नावातच नाते कळते.

प्रतिसाद १ : मान्य. 'जणू दिसला की उत्प्रेक्षा' ही युक्तीही एका गुणाच्या प्रश्नापुरतीच ठीक. कवितेत जणू गाळलेला असू शकतो, तेव्हा संभावना, म्हणजे 'हे तेच असावे' अशी कल्पना, आहे का ते पाहावे लागते.

प्रश्नकर्ता : आणि ते कादंबरीभर पसरलेले?

प्रतिसाद २ : तिथे समीक्षक व्यापक, मेटाफरच्या अर्थानेच बोलत असतो. 'लोभ', 'विवेक' अशी नावे घेऊन पात्रेच वावरत असतील तर सरळ 'रूपककथा' म्हणा. 'अलंकार ओळखा'च्या उत्तरात यातले काही आणू नका. तिथे उपमेय, उपमान दाखवा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.