मे महिन्यात शिमल्याला जाऊ नये म्हणे!

अशोक चौक:
काल इथं, आपल्या सोलापूरकरांच्या चर्चेत, विजापूर रोडच्या एकाने लिहिलं, "मे महिन्यात शिमल्याला जाणं म्हणजे पैसे देऊन गर्दी विकत घेणं. आपले लोक मेंढरांसारखे जातात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी आई ७१ वर्षांची. ४० वर्षं विड्या वळल्या. पूर्व भागातल्यांना सांगायला नको: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डोक्यावर पत्रा, आणि पंखा असून बंद, कारण वाऱ्याने तंबाखू उडते. बाहेर ४३ डिग्री. या बाईला एकदा तरी मे महिन्यात स्वेटर घालायला लावायचा आहे. दिवाळीत थंडी दाखवून काय करू? अंगाची लाही होत असतानाच गारव्याची किंमत कळते.

बेत साधा आहे. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, एक रात्र मुक्काम, मग कालका, तिथून शिमल्याला डोंगरातली छोटी रेल्वे. शिमल्यात चार रात्री. कुलू-मनाली नाही, पळापळ नाही. यात मेंढरं कुठं दिसली?

विजापूर रोड:
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. आईंबद्दल आदर आहे, पण मे महिन्यात तिथं काय होतं ते मी बघितलंय. २०१८ च्या मे अखेरीस आम्ही शिमल्यात होतो. गावात आठ-आठ दिवस नळ कोरडे. बायका, शाळकरी पोरं टँकरपुढे भांडी घेऊन उभी. तिथलेच लोक जाहीरपणे लिहीत होते की पर्यटकांनो, येऊ नका. त्यांचा उन्हाळी महोत्सव पुढे ढकलला, हायकोर्टाला लक्ष घालावं लागलं. आमच्या हॉटेलात दोघांत एक बादली. त्या बादलीने आंघोळ करताना खिडकीतून ती रांग दिसत होती. मला पुढचे दोन दिवस तिथं राहवलं नाही, परत फिरलो.

बाळीवेस:
काय बोलालाव बे! पाण्याचं सोलापूरकराला सांगता? आपल्याकडे चार-पाच दिवसांआड नळ येतो, तोही रात्री दोनला. माझ्या मुलीच्या बारशाच्या आदल्या रात्री मी पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. पाणी आलंच नाही. सकाळी पाहुणे दारात आणि मी टँकरवाल्याच्या मागे. उजनी धरण भरलं की पेपरात फोटो येतात, आणि आमच्या माठात खडखडाट. सगळं पाणी उसाला जातं, हे एकदा कबूल करा.

करमाळा:
उसाचं नाव घेतलं म्हणून लिहितोय. उजनी फुकट आली नाही. आमच्या आजोबांचं घर, मळा, मारुतीचं देऊळ, सगळं धरणात गेलं. पाणी उतरलं की जुन्या भिंती वर येतात. माझे वडील दरवर्षी काठावर उभं राहून आपला वाडा कुठला ते दाखवायचे. आम्ही घर दिलं आणि आता ऊस लावला तर आम्हीच चोर?

बाळीवेस:
चोर म्हटलं नाही. पण प्यायचं पाणी आधी की साखर आधी?

करमाळा:
मग महापालिकेला विचारा. शहराला पाणी द्यायचं म्हणून धरणातून भीमा नदीत सोडायचं आणि शहर जिथून पाणी उचलतं तो औज बंधारा भरायचा. वाटेत किती मुरतं, किती उडून जातं? जलवाहिनीतून सगळं आलं असतं तर एवढं सोडावं लागलं नसतं. शिव्या मात्र आम्हाला.

बाळीवेस:
नदीत सोडण्याचं खरं आहे. तेवढं मान्य. उसाचं नाही.

सात रस्ता:
दादा लोकहो, त्या भावाला आईला शिमल्याला न्यायचंय, त्याचं बोला. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून सांगते.

छोटी गाडी चुकवू नका. ९६ किलोमीटर, १०२ बोगदे, १९०३ पासून चालू, २००८ मध्ये जागतिक वारशात घेतली. पाच-सहा तास लागतात. सासूबाई प्रत्येक बोगद्याला हात जोडायच्या आणि उजेड आला की माझ्याकडे बघून हसायच्या. मुख्य मॉल रोड पर्यटकांच्या गाड्यांना बंद आहे, चढ आहे, गुडघे दुखत असतील तर कार्ट रोडवरून लिफ्टने वर जा. जाखूच्या हनुमानाला गेलात तर आईंचा चष्मा आधीच पिशवीत ठेवा, माकडं झडप घालतात. आमचा गेला. पुढचे तीन दिवस त्यांना सगळं धूसर दिसलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पावसाळ्यात मात्र नेऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्यातल्या समर हिलजवळ डोंगर खचला, शिवमंदिरातली माणसं दगावली, रुळाखालची जमीन वाहून रूळ अधांतरी लोंबत होते. दिवाळीत हवा स्वच्छ असते, लांबची बर्फाची शिखरं दिसतात. माझं मत दिवाळीचंच.

अशोक चौक:
ताई, चष्म्याचं बरं सांगितलंत. पण दिवाळीत मला सुट्टी नाही, आमच्या दुकानाचा तोच हंगाम. आणि शिखरांपेक्षा गारवा हवाय. विजापूर रोडवाल्यांनी पाण्याचं जे सांगितलं ते मनाला लागलं, हे मात्र खरं. हॉटेल ठरवताना पाण्याची सोय काय, हे आधी विचारीन. आईला तसंही एका बादलीत दोन माणसांची आंघोळ उरकायची सवय आहे.

विजापूर रोड:
चार रात्री एकाच गावात राहणार असाल, शनिवार-रविवार टाळणार असाल, तर माझा विरोध थोडा कमी. थोडाच. मेंढरं हा शब्द तुमच्या आईला लागला असेल तर तो मागे घेतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पहिल्या दिवशी सकाळी आठलाच बसा. त्यांना खालचा बर्थ मिळायला हवा.

अशोक चौक:
बसतो. सोमवारी पोहोचायचं अशी तारीख धरतो.

करमाळा:
बाळीवेस, उसाचं अजून राहिलंय. एकदा आमच्याकडे या. पाणी उतरल्यावर या, वाडा दाखवतो.