राणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (इंदूर): आमची २ वर्षांची, २८ किलो वजनाची लॅब्राडोर राणी मागचा पाय टेकवत नाही. गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्याचे निदान झाले असून, शस्त्रक्रियेच्या धास्तीने आई रात्रभर तिच्याजवळ बसून असते. केवळ विश्रांतीने भागेल का?

उत्तर १: १५ किलोहून जड कुत्र्याचा गुडघा केवळ विश्रांतीने सहसा स्थिरावत नाही. आमच्या शेरूच्या नडगीचे हाड कापून, त्याचा वरचा उतार कमी करून प्लेट बसवली. परंतु हाड जुळेपर्यंतचे ८-१० आठवडे त्या खेळकर जिवाला जिन्यापासून आणि उड्यांपासून दूर ठेवणे, हेच आम्हांला खरे जड गेले.

उत्तर २: आईंना धीर द्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र राणीला कृपया देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा.